हॅकिन्टॉश लॅपटॉप लोगोवरच अडकतो, तेव्हा

हॅकिन्टॉश म्हणजे ॲपलचा नसलेला, पण मॅकओएस चालवायचा संगणक. ओपनकोअरचा (मॅकओएस सुरू करून देणाऱ्या बूटलोडरचा) पेनड्राइव्ह तयार आहे, मेनू दिसतो, मॅकओएस निवडलं की ॲपलचा लोगो येतो आणि तिथेच सगळं थांबतं. आता काय करू? हा प्रश्न वरचेवर येतो, आणि त्यासोबत जवळजवळ नेहमीच दुसरा येतो: ‘तुमची ईएफआय (ओपनकोअरच्या फाइलींचा फोल्डर) पाठवता का?’ तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, दुसऱ्याची ईएफआय म्हणजे दुसऱ्याच्या नंबरचा चष्मा. मॉडेलचं नाव तेच असलं तरी टचपॅड, वायफाय कार्ड आणि एसएसडी वेगळी असू शकते. मग चूक कुठली आणि कुणाची, हेच कळेनासं होतं.

पहिलं काम म्हणजे लोगो घालवणं. कॉन्फिग.प्लिस्ट या ओपनकोअरच्या सेटिंग फाइलमधल्या बूट-आर्ग्जमध्ये (सुरू होताना द्यायच्या सूचनांमध्ये) ‘-व्ही’ आणि ‘कीपसिम्स=१’ घाला. लोगोच्या जागी ओळी धावायला लागतील. जिथे थांबतील तिथला फोटो काढा. मदत मागताना ‘चालत नाही’ असं लिहिण्यापेक्षा त्या शेवटच्या तीन-चार ओळी दिल्यात तर अर्धं निदान तिथेच होतं.

ओळी सुरू होताच ‘एक्झिटबीएस:स्टार्ट’वर थांबलं, तर अजून मॅकओएस सुरूच झालेलं नाही. इथे दोनच संशयित जास्त वेळा सापडतात. पहिला सीएफजी लॉक, म्हणजे प्रोसेसरच्या वीज-नियंत्रणाच्या सेटिंगवर बायोसने घातलेलं कुलूप. डेस्कटॉपच्या बायोसमध्ये ते बंद करायची सोय असते, लॅपटॉपच्या बायोसमध्ये बहुधा दिसतच नाही. म्हणून कॉन्फिगमधल्या कर्नलच्या क्वर्क्समध्ये (अडचणी टाळणाऱ्या खास सेटिंग्जमध्ये) ‘ॲपलएक्ससीपीएमसीएफजीलॉक’ चालू करायचं. दुसरा संशयित मेमरी मॅप, म्हणजे मेमरीचा कुठला भाग कशासाठी याचा नकाशा. ‘एनेबलराइटअनप्रोटेक्टर’ तरी ठेवा, नाहीतर ‘रिबिल्डॲपलमेमरीमॅप’ आणि ‘सिंकरनटाइमपरमिशन्स’ची जोडी तरी, तिन्ही एकदम चालू करून बघण्यात अर्थ नाही. ओपनकोअरची डीबग आवृत्ती वापरलीत तर लॉगमध्ये ‘एमएटी सपोर्ट इज १’ अशी ओळ शोधा. ती असेल तर जोडीचा मार्ग तुमचा.

बायोसला हात लावण्याआधी एक सावधगिरी. त्याच डिस्कवर विंडोज असेल आणि बिटलॉकर चालू असेल, तर सिक्युअर बूट बंद करताच ते ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकतं. ती आधी लिहून ठेवा. साटा मोड (डिस्कशी बोलण्याची पद्धत) आरएसटीवरून एएचसीआयवर नेणार असाल तर विंडोज आधी सेफ मोडमध्ये बूट होईल असं ठरवून मगच बदल करा, नाहीतर निळा पडदा ठरलेला.

आता सगळ्यात जास्त वेळ खाणारा भाग, ग्राफिक्स. ओळी भराभर धावल्या, ‘जीआयओस्क्रीनलॉक’ दिसलं आणि पडदा काळा झाला, तर मॅकओएस बरंचसं सुरू झालंय, चित्र मात्र येत नाहीये. उदाहरण घेऊ आय५-८२५०यूच्या लॅपटॉपचं: आत इंटेल यूएचडी ६२० आणि जोडीला एनव्हिडिया एमएक्स१५०. एनव्हिडियाचा नाद सोडा. पास्कल पिढीच्या कार्डांना हाय सिएरानंतर ड्रायव्हरच नाही. बूट-आर्ग्जमध्ये ‘-वेगनोईजीपीयू’ घालून ते बंद करा. इंटेलसाठी प्लॅटफॉर्म आयडी (कुठली ग्राफिक्स मांडणी वापरायची हे मॅकओएसला सांगणारा आकडा) लागतो, आणि इथेच फसगत होते. ८२५०यू आणि ८२६५यू दोन्ही ‘आठवी पिढी’, दोन्हींत यूएचडी ६२०, पण पहिला केबी लेक आर आणि दुसरा व्हिस्की लेक. पहिल्याला ८७सी०००००, दुसऱ्याला ३ई९बी००००. शिवाय प्लिस्टमध्ये हे आकडे दोन-दोनच्या जोड्या करून उलट क्रमाने लिहायचे: ००००सी०८७ आणि ००००९बी३ई. सरळ लिहिले की काळा पडदा.

आयडी बरोबर असूनही पॅनिक येत असेल (मॅकओएस कोसळत असेल) तर डीव्हीएमटी, म्हणजे ग्राफिक्ससाठी राखून ठेवलेली मेमरी बघा. बऱ्याच लॅपटॉपांत ती मेमरी ३२ एमबीवर बांधलेली असते आणि बायोसमधून वाढवता येत नाही. मग फ्रेमबफर पॅच (ग्राफिक्सची मेमरीची मागणी बदलणारी सेटिंग) चालू करून स्टोलनमेम ००००३००१ आणि एफबीमेम ००००९००० द्यायचं, म्हणजे मागणी अनुक्रमे १९ आणि ९ एमबीवर येते. अंधाऱ्या खोलीत मोबाइलचा टॉर्च तिरका धरून पडद्याकडेही बघा. पुसटसं चित्र दिसलं तर ग्राफिक्स ठीक आहे, बॅकलाइट गेलाय; एसएसडीटी-पीएनएलएफ ही पडद्याच्या उजेडासाठीची फाइल ईएफआयमध्ये आहे का तपासा आणि ‘-आयजीएफएक्सबीएलआर’ लावून बघा.

‘स्टिल वेटिंग फॉर रूट डिव्हाइस’ म्हणजे पेनड्राइव्हच सापडत नाहीये. मॅकओएस एका यूएसबी कंट्रोलरवर १५ पोर्टच मोजतं, आणि ३.० चं एक भोक दोन पोर्ट धरतं. मर्यादा उठवणारा क्वर्क मॅकओएस ११.३ पासून बिनभरवशाचा आहे. तात्पुरता उपाय म्हणून पेनड्राइव्ह २.० च्या पोर्टात लावा. कायमचा उपाय म्हणजे विंडोजमध्ये यूएसबीटूलबॉक्सने पोर्टांचा नकाशा बनवणं. ‘पीसीआय कॉन्फिगरेशन बिगिन’वर अडकलं तर घड्याळाची गडबड, एसएसडीटी-एडब्ल्यूएसी ही फाइल घाला.

दर खेपेला एकच बदल करा, ओसीव्हॅलिडेट (कॉन्फिग तपासणारं साधन) चालवा, मेनूतून एनव्हीरॅम (बंद केल्यावरही टिकणारी सेटिंग्जची मेमरी) रीसेट करा. इन्स्टॉल चालू असताना लॅपटॉप दोन-तीनदा रीस्टार्ट होतो. तेव्हा रिकव्हरी पुन्हा निवडायची नाही, ‘मॅकओएस इन्स्टॉलर’ निवडायचा.

काही अडचणींना उपाय नाही. अकराव्या पिढीपासूनच्या आयरिस एक्सईला ड्रायव्हर नाही. लॅपटॉपातल्या रिअलटेक, मीडियाटेक, क्वालकॉम वायफाय कार्डांवर वेळ घालवू नका. इंटेलचं कार्ड आयटीएलडब्ल्यूएम या ड्रायव्हरवर चालतं. सॅमसंग पीएम९८१ एसएसडी असेल तर ती बदलणं उत्तम. आणि दोन गोष्टी माहीत असू द्या: ॲपलच्या परवान्यानुसार मॅकओएस फक्त ॲपलच्या यंत्रावर चालवायचं असतं, आणि २०२५ चं मॅकओएस २६ टाहो हे इंटेलसाठी शेवटचं. त्यामुळे घरात पडलेल्या लॅपटॉपवर हा उद्योग जरूर करा, त्यासाठी नवा विकत घेऊ नका.

झोपवलेला लॅपटॉप उठत नाही, हे दुखणं मात्र सगळं इन्स्टॉल झाल्यावरच हाती घ्या. टर्मिनलमध्ये पीएमसेट या कमांडने हायबरनेटमोड ० करा. तरीही उठला नाही तर पुन्हा यूएसबीच्या नकाशाकडे वळा, बहुतेक वेळा घोळ तिथेच असतो.