साडेपाचची गाडी

मी सिनेमा ऑपरेटर आहे. गावाचं नाव नको, पण अहिराणी बोलणारं तालुक्याचं गाव समजा, बसस्टँडपासून पाच मिनिटांवर आमचं टॉकीज, एकच पडदा, खाली स्टॉल वर बाल्कनी, आणि बाल्कनीच्याही मागे माझी खोली. चोवीस वर्षं झाली. लोकांना वाटतं फुकटात पिक्चर बघायला मिळतात, मजा आहे. आता खरं सांगू का, मला पब्लिकची फक्त मागची बाजू माहीत आहे. डोकी, टोप्या, पदर, आणि शिट्टी वाजवणाऱ्याची दोन बोटं. पिक्चर कसा वाटला हे आपल्याला कुणी येऊन सांगत नाही, तिकीटवाल्याला सांगतात, चहावाल्याला सांगतात.

२०२५ च्या दिवाळीत मात्र तास-दीड तास सगळं ऐकलं. चूक माझीच होती म्हणून ऐकायला मिळालं.

झालं असं की नवरात्राच्या आधी आमच्या सर्व्हरचं, म्हणजे पिक्चर चालवणाऱ्या कॉम्प्युटरचं, एक कार्ड जळालं आणि नवीन टाकलं. आता हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, पूर्वी पिक्चर पेटीत यायचा, भुसावळहून, रेल्वेने नाहीतर यष्टीच्या टपावर, आणि पेटी आली म्हणजे पिक्चर आला, कुणाच्या बापाची परवानगी लागत नव्हती. आता पिक्चर येतो कुलूपबंद, आणि त्याची किल्ली वेगळी येते मेलवर, तिला केडीएम म्हणतात. ती किल्ली एकाच सर्व्हरला चालते, आणि ठरलेल्या तारखेपासून ठरलेल्या तारखेपर्यंतच. कार्ड बदललं की सर्व्हरचा नंबर बदलतो, तो नवीन नंबर पिक्चर पाठवणाऱ्या कंपनीला कळवायचा असतो. मी फोनवर सांगितलं होतं, मेल टाकायचा राहिला. मधले पिक्चर दुसऱ्या कंपनीचे होते, त्यांना कळवलं होतं, म्हणून अडलं नाही. आणि अडलं ते बरोब्बर भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, तीनच्या शोला. साउथचा डब केलेला मोठा पिक्चर, बाहेर बोर्ड हाऊसफुलचा, लेकीबाळी माहेराला आलेल्या, खाली पाय ठेवायला जागा नाही.

पावणेतीनला किल्ली टाकली. एरर. परत टाकली. एरर. सिरियल नंबर वाचला आणि पोटात गोळाच आला.

फोन लावायला सुरुवात केली. दिवाळीत कोण उचलतं. एकाने उचलला तर तो म्हणे मी गावी आहे, दुसऱ्याचा नंबर देतो. मालक घरी पाहुण्यांत. तीन वाजले, सव्वातीन झाले, जाहिराती दोनदा फिरवल्या, तंबाखूच्या धोक्याची फिल्म तर तीनदा लावली, तिसऱ्यांदा पब्लिकने ती बरोबर म्हणायला सुरुवात केली, अख्खं स्टॉल एका सुरात. मग शिट्ट्या. मग खुर्च्यांवर बुक्क्या. आमचे डोअरकीपर काका, चाळीस वर्षं दारावर, त्यांनी आयुष्यात असं कधी केलं नसेल, पण ते माईक घेऊन पडद्यापुढे गेले आणि म्हणाले, मशीनमध्ये बिघाड आहे, अर्धा तास लागेल, ज्याला पैसे पाहिजे त्याने खिडकीवर जावं. दहा-पंधरा जण उठले. बाकीचे बसून राहिले, कारण जायचं कुठे, गाड्या संध्याकाळच्या.

एक पोरगं उठलं, कॉलेजचं असेल, काकांच्या हातातून माईक घेतला आणि म्हणे, बरं मग तोवर सांगा, यंदा सगळ्यात भारी पिक्चर कोणता.

मला वाटलं आता राडा होतो. झाला नाही. मी लॅपटॉप आणि फोन घेऊन बाल्कनीत येऊन बसलो, कारण खोलीत रेंज कमी येते, आणि एका कानाला फोन लावून दुसऱ्या कानाने ऐकत राहिलो.

पहिला हात अर्थातच छावाला. फेब्रुवारीत आमच्याकडे तो लागला तेव्हा सकाळी सहाचा शो ठेवला होता. एक जण म्हणाला शेवटची चाळीस मिनिटं बघवत नाहीत, त्याचा मित्र म्हणाला मग बघायला कशाला गेला होता, बघवत नाही म्हणूनच तर बघायचं. तिसरा लेझीमवर घसरला, तो नाचाचा सीन काढायला नको होता म्हणे, आणि चौथा म्हणाला काढला तेच चांगलं केलं, त्यावर दोघं उभे राहिले, काकांनी बॅटरी मारली तसे बसले. आणि मग खिडकीवर आम्ही शंभर वेळा ऐकलेला प्रश्न आलाच, की मध्य प्रदेशात टॅक्स फ्री झाला मग महाराष्ट्रात का नाही. आमचा बुकिंग क्लार्क दारात उभा होता, त्याला राहवलं नाही, तिथूनच ओरडला, अरे आपल्याकडे करमणूक कर २०१७ पासून नाहीच, जे नाही ते माफ काय करणार. टाळ्या. मग लगे हात त्याने हेही सांगून टाकलं की शंभरपर्यंतच्या तिकिटावर जीएसटी बाराचा पाच टक्के झालाय २२ सप्टेंबरपासून. याला टाळ्या नाही पडल्या. मागून एक आवाज आला, मग पॉपकॉर्न का वीसचं तीस झालं. क्लार्क आत गेला.

मला आवडलं ते पुढचं. एक बाई, शिक्षिका असाव्यात, नवऱ्याबरोबर बाल्कनीत होत्या, त्यांनी दशावतारचं काढलं. म्हणाल्या आम्ही जळगावला जाऊन पाहिला, ऐंशी ओलांडलेले दिलीप प्रभावळकर काय करतात बघा. मालवणी निम्मं डोक्यावरून गेलं पण अडलं नाही, कारण बाप आणि पोरगा, आणि आपली टेकडी कुणीतरी खणून नेणार, हे कुठल्याही बोलीत कळतं. त्यावर खालून एक दाढीवाला, मोबाईलचं दुकान आहे त्याचं स्टँडजवळ, त्याने मुद्दा काढला तो माझ्या डोक्यात अजून आहे. तो म्हणाला, मालवणी चालते, सैराटला सोलापूरकडची चालली, मग आपली अहिराणी फक्त यूट्यूबवर का? गाणी आपली लाखो लोक बघतात, लग्नात डीजे तीच लावतो, कॉमेडी बघतात, आणि मोठ्या पडद्यावर आपला माणूस दिसला तर तो फक्त गडी नाहीतर वॉचमन. कुणीतरी म्हणालं पैसा कोण लावेल, तर म्हणे मालेगाववाल्यांनी कुणाचा पैसा लावला होता, धुळ्याहून पन्नास किलोमीटरवर यंत्रमागावाल्या पोरांनी हातातल्या कॅमेऱ्याने पिक्चर काढले, आणि यंदा त्यांच्यावरच मुंबईवाल्यांनी पिक्चर काढला. हॉल शांत झाला जरासा. मग कुणीतरी अहिराणीत एक शिवी घातली, प्रेमाचीच होती ती, आणि सगळे हसले.

चार वाजले होते. मेल टाकला होता, समोरून उत्तर आलं, प्रोसेस में है. प्रोसेस में है म्हणजे किती ते विचारलं तर उत्तर नाही.

इतक्यात एक रिटायर्ड गुरुजी उठले. त्यांना सगळे ओळखतात, निम्म्या हॉलला त्यांनी छड्या मारल्यात. ते म्हणाले, तुम्ही लेटेस्ट लेटेस्ट लावलंय, मी यंदा पेपरात वाचलं ते सांगतो. शोलेचा शेवट आपण पन्नास वर्षं चुकीचा पाहिला. १५ ऑगस्ट १९७५ ला लागला, आणीबाणी होती, खरा शेवट होता त्यात ठाकूर गब्बरला मारून टाकतो, सेन्सॉरने अडवलं, म्हणे माजी पोलीस अधिकारी कायदा हातात घेताना दाखवू नका, म्हणून परत शूटिंग करून ऐनवेळी पोलीस आणले. आता जूनमध्ये इटलीत तो खऱ्या शेवटासकट दाखवला. (डिसेंबरात तो आपल्याकडेही लागला, पण ते नंतरचं.) गुरुजी अगदी कळवळून बोलत होते. म्हणे मी विशीत होतो, नऊ वेळा पाहिला, आणि नऊ वेळा फसलो.

आणि तेव्हा खालून, स्टॉलच्या कडेच्या रांगेतून, माईकबिईक न घेता एक म्हातारी बोलली. साठ-पासष्टची, डोक्यावर पदर, शेजारी सून आणि अजून चार-पाच जणी, कापूस वेचणीला एकत्र जाणारी टोळी असणार, बोटांना बोंडांचे ओरखडे असतात ते लांबून दिसत नाहीत पण बसण्यावरून कळतं.

"गुरुजी, तुमले खोटा ते खोटा, शेवट तरी भेटना. आम्हले ते तो बी नई."

गुरुजींना कळलं नाही. मलाही. मग तिची सून बोलली, ती जरा शुद्ध बोलत होती. त्यांच्या गावाची शेवटची गाडी साडेपाचची. सकाळी वेचणी, दुपारी जेवण करून निघायचं, बाईमाणसाला यष्टीत अर्धं तिकीट झाल्यापासून दोन-तीन महिन्यांतून एकदा येतात, तीनचाच शो सापडतो, आणि सव्वापाचला उठावं लागतं. गाडी चुकली तर सात किलोमीटर पायी. म्हणून आजवर एकाही पिक्चरचा शेवट यांनी पाहिलेला नाही. एकाही.

कुणीतरी हसलं आणि थांबलं. कॉलेजच्या पोराने विचारलं, मग कसं करता मावशी? सून म्हणाली, गाडीत ठरवतो आम्ही. म्हणजे? म्हणजे पुढे काय झालं असेल ते ठरवतो. कधी पटतं सगळ्यांना, कधी भांडण होतं. आत्याबाई कुणालाच मरू देत नाहीत. यावर म्हातारी तिला कोपर मारून म्हणाली, मरनारा मरस, आपण कसाले मारो.

मी फोन कानाला तसाच धरून बसलो होतो. चोवीस वर्षं सव्वापाचला खालची पाच-सहा माणसं उठतात, दाराचा पडदा हलतो, उजेडाची पट्टी आत येते आणि मी मनातल्या मनात शिव्या घालतो, की यांना पिक्चरची किंमत नाही. तीच ही माणसं.

चार चाळीसला किल्ली आली. पेन ड्राइव्हवर घेतली, टाकली, हिरवं आलं. खाली असा काही आरडाओरडा झाला की जणू मी पिक्चर बनवलाय. मी इंटरव्हल काढून टाकायचा विचार केला, मग कॅन्टीनवाल्याचं तोंड आठवलं, आणि कितीही कापलं असतं तरी अडीच तासांचा पिक्चर पस्तीस मिनिटांत बसणार नव्हता. सव्वापाचला दाराचा पडदा हलला. मी खिडकीतून बघत होतो. त्या निघाल्या. म्हातारी मात्र स्टँडकडे न जाता जिन्याने वर आली, काका तिला अडवत होते, मी म्हणलं येऊ द्या.

मी म्हणलं, माय, पैसे परत घ्या, चूक माझी आहे. ती म्हणाली पैसे राहू दे. "पुढना सोमवारे बाजारले येसू. शेवट काय व्हयना ते सांगजो."

हो म्हणलं. आणि ती उतरल्यावर ध्यानात आलं की मला शेवट माहीत नसतो. रिळं होती तेव्हा दर वीस मिनिटांनी मशीन बदलायचं असायचं, पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात वर टिकली चमकली की दुसरं मशीन चालू, तिच्यासाठी डोळ्यात तेल घालून बघावं लागायचं, तेव्हा अख्खा पिक्चर तोंडपाठ व्हायचा, हिरोच्या आधी डायलॉग मी म्हणायचो. आता बटण दाबलं की संपेपर्यंत काम नाही. मी पेपर वाचतो, डुलकी काढतो, आणि शेवटच्या दहा मिनिटांत तर मी खोलीत नसतोच, लाइट आणि दारं बघायला खाली असतो. किती वर्षांत एक शेवट धड पाहिला नव्हता.

त्या रात्री नऊचा शो पूर्ण उभं राहून पाहिला. शेवट काय तर, थोरला भाऊच गद्दार निघतो, हेलिकॉप्टर जळतं, सगळं झाल्यावर तो आईच्या दारात येऊन पडतो, आई दार उघडते, त्याला जवळ घेते, मागे वीस-पंचवीस व्हायोलिनं. पब्लिक रडलं. मला ठीक वाटला.

सोमवारी म्हातारी आली. बाजाराची पिशवी, त्यात मेथी आणि एक नवीन विळा. टॉकीजच्या पायरीवर बसली, मी चहा मागवला आणि सगळं सांगितलं, हेलिकॉप्टरसकट, हात करून करून. ती मधे एकदाही बोलली नाही. चहा संपवला, बशी उलटी करून ठेवली.

"आईनी दार उघडं?"

म्हणलं, हो माय, उघडलं.

"नई." तिने पिशवी उचलली. "आम्ही गाडीमा ठरायेल शे. ती उघडत नई. तुनी नीट दखं नई, भाऊ."

आणि स्टँडकडे चालू लागली, पाच वाजून गेले होते.