बोलिव्हार खेळायचा तर कुठला गेम?

मी स्ट्रॅटेजी गेम खेळतो आणि दक्षिण अमेरिकेचा इतिहास आवडीने वाचतो, हे कळलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: स्पेनच्या सत्तेविरुद्ध सिमोन बोलिव्हारने लढलेलं दक्षिण अमेरिकेचं स्वातंत्र्ययुद्ध खरं वाटेल असा गेम कुठला? तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून एकदाचं लिहून टाकतो. असा गेम माझ्या तरी पाहण्यात नाही. ज्या गेममध्ये तारखा बसतात त्यात माणसं नाहीत, आणि ज्यात माणसं आहेत तो सुरू होईपर्यंत युद्ध आटोपलेलं असतं.

‘युरोपा युनिव्हर्सालिस ४’ आपल्याकडचे बरेच जण मराठे खेळायला घेतात, मीही तसाच घेतला होता. मग कधीतरी कॅस्टिल, म्हणजे स्पेनचं मूळ राज्य, घेऊन अमेरिकेत उतरलो. तिथे एका विभागात पाच प्रांत हाती आले की वसाहतीचं वेगळं राज्य आपोआप तयार होतं आणि त्याच्यापुढे स्वातंत्र्याच्या ओढीची टक्केवारी दिसू लागते. ती ५०च्या वर गेली की वसाहत नाराज. कर कमी करा, आकडा उतरतो. आपल्या शत्रूने तिला पाठिंबा दिला की चढतो. एक दिवस वसाहत युद्ध पुकारते, आणि ते पुकारताना ती अख्खी एका बाजूला असते. एकही प्रांत राजाकडे राहत नाही.

खरी सुरुवात तर उलट्या टोकाने झाली. १८०८ मध्ये नेपोलियनने सातव्या फर्नांदोला कैदेत टाकलं आणि स्पेनच्या साम्राज्याला राजाच उरला नाही. १९ एप्रिल १८१० ला व्हेनेझुएलातल्या काराकासमध्ये आणि २५ मे ला ब्युनोस आयरेसमध्ये स्थानिक प्रतिष्ठितांनी सत्ता हातात घेतली, तीही फर्नांदोच्याच नावाने. तेव्हा व्हेनेझुएलातलीच कोरो आणि माराकाइबो ही शहरं काराकासच्या विरोधात गेली. आजच्या कोलंबियातला पास्तोसारखा प्रदेश तर पुढे कित्येक वर्षं राजासाठी लढला, आणि त्यात मूळनिवासी शेतकरी मोठ्या संख्येने होते. पेरूतलं लिमा तर राजाचा बालेकिल्लाच. म्हणजे हे घरातलंच युद्ध होतं. टक्केवारीच्या एका पट्टीवर ते मावणार कसं?

या बाबतीत यानेरोंची गोष्ट सगळ्यात बोलकी आहे. ‘सिव्हिलायझेशन ६’ मध्ये २०२० साली ग्रान कोलंबिया (बोलिव्हारने उभारलेला देश) आला, बोलिव्हार नेता म्हणून. त्याचं खास घोडदळ म्हणजे यानेरो, ओरिनोकोच्या मैदानातले भालेवाले गुराखी. शेजारी दुसरा यानेरो असला की त्यांची ताकद वाढते. दिसायलाही झकास. पण १८१४ मध्ये बोलिव्हारचं व्हेनेझुएलातलं दुसरं प्रजासत्ताक बुडवलं ते याच यानेरोंनी! त्यांचा पुढारी होता बोव्हेस, राजाच्या बाजूचा. त्यांनी ती बाजू का धरली हेही समजण्यासारखं आहे. पहिल्या प्रजासत्ताकाने मताचा हक्क मालमत्तेला बांधला होता आणि मोकळ्या मैदानावरची गुरं पकडणाऱ्यांवर कडक नियम लादले होते. वर बोव्हेसने लुटीची मुभा दिली. डिसेंबर १८१४ मध्ये उरिकाला तो मारला गेला. पुढे त्याच मैदानातले लोक पाएझच्या मागे उभे राहिले, आता प्रजासत्ताकासाठी, कारण पाएझ त्यांच्यातलाच एक होता आणि जमिनीच्या वाटपाचा शब्द मिळाला होता. गेममध्ये मात्र यानेरो पहिल्या दिवसापासून आपलेच. त्यांना कोणी वळवलं, कशाच्या बदल्यात वळवलं, हा प्रश्नच उद्भवत नाही. तोच तर खेळण्यासारखा भाग होता.

सेनापतींचंही तसंच. ‘सिव्हिलायझेशन’मध्ये नवं युग लागलं की बोलिव्हारला एक सेनापती फुकट मिळतो आणि तो शेवटपर्यंत इमानी राहतो. खऱ्या बोलिव्हारने १८१७ मध्ये आपल्याच पियार या सेनापतीला गोळ्या घालायला लावल्या, आणि १८२६ मध्ये पाएझने त्याच्याविरुद्ध बंड केलं.

गुलामांबद्दल लिहिताना माझा सूर थोडा चढतो, चालवून घ्या. ‘युरोपा’त गुलाम हा व्यापारी माल आहे, साखर-तंबाखूच्या रांगेत. १८१६ मध्ये हरून बसलेल्या बोलिव्हारला हैतीचा राष्ट्राध्यक्ष पेत्यॉन याने माणसं, बंदुका, जहाजं दिली आणि बदल्यात गुलामांच्या मुक्तीचा शब्द घेतला. त्यावर बोलिव्हारने जाहीर केलं की हत्यार उचलेल तो मुक्त. जमीनदार बिथरले, पण सैन्य वाढलं. या सौद्यात डाव आहे, जोखीम आहे, दोन्हीकडून किंमत आहे. गेम बनवणाऱ्याला आणखी काय हवं असतं?

तारखांची गंमत अशी की ‘युरोपा’ जानेवारी १८२१च्या पहिल्याच आठवड्यात संपतो. व्हेनेझुएलाचा निकाल लावणारी काराबोबोची लढाई त्याच वर्षी जूनमध्ये झाली, पेरूचा निकाल लावणारी आयाकूचोची डिसेंबर १८२४ मध्ये. त्याच कंपनीचा ‘व्हिक्टोरिया ३’ सुरू होतो १८३६ ला. तोवर बोलिव्हार जाऊन पाच वर्षं उलटलेली आणि ग्रान कोलंबियाचे तीन तुकडे झालेले. चुटपुट लागते ती यासाठी की ‘व्हिक्टोरिया’त लोकसंख्या थरांनी मोजली जाते, जमीनदार, शेतकरी, सैन्य यांचे गट वेगवेगळे रुसतात, आणि देशात यादवी होऊ शकते. १८१० साठी हवं ते नेमकं हेच.

‘एज ऑफ एम्पायर्स ३’ ला इतिहासप्रेमी नाकं मुरडतात. मला मात्र त्याच्या ‘द वॉरचीफ्स’ या २००६च्या पुरवणीतला एक नियम फार आवडतो. क्रांती पुकारली की तुमचे सगळे वसाहतकरी एका क्षणात शिपाई होतात. शेतं, खाणी, लाकूडतोड ओस. आहे त्या पुंजीवर जिंका नाहीतर संपलात. १८१२ ते १८२१ च्या व्हेनेझुएलाची अवस्था याच्या बरीच जवळ होती.

तेव्हा आज रात्री काहीतरी खेळायचंच असेल तर ‘वॉरचीफ्स’ लावा आणि अर्जेंटिना किंवा चिलीची क्रांती करून बघा. दोन-तीन आठवडे मोकळे असतील तर ‘व्हिक्टोरिया’त पेरू-बोलिव्हिया महासंघ घ्या. युद्ध हुकलेलं असेल, पण त्याचं देणं कोणी आणि कसं फेडायचं ते तुमच्याच गळ्यात पडेल. आणि तुमच्यापैकी कोणी मॉड (गेममध्ये स्वतःचे बदल) बनवणारा असेल, तर यानेरो कृपा करून कोणाच्याच बाजूला न ठेवता मैदानात मोकळे सोडा. त्यांना वळवायची धडपड खेळणारा करेल.