गांजाचा कर आणि आमच्या शाळेचं छप्पर

"गांजाची दुकानं उघडताना पैसा शाळांना जाणार असं सांगितलं होतं ना? मग आमची घरपट्टी कशाला वाढवता?" एका वयस्कर पशुपालकाने भर सभेत विचारलं आणि निम्म्या लोकांनी टाळ्या वाजवल्या.

ऑक्टोबर २०२४. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्याच्या पूर्व भागातल्या एका छोट्या स्कूल डिस्ट्रिक्टचे, म्हणजे तिथल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या स्थानिक संस्थेचे, हिशेब मी बघते. शाळेचं छप्पर गळत होतं. दुरुस्तीसाठी 'बेस्ट' या राज्याच्या शाळा-बांधकाम योजनेतून अनुदान मंजूर झालं होतं, पण गावाने आपला वाटा भरल्याशिवाय ते हातात पडत नाही. त्या वाट्यासाठी बॉण्ड काढायचा होता, म्हणजे घरपट्टीतून फेडायचं कर्ज, आणि नोव्हेंबरात त्यावर मतदान होतं.

प्रश्न रास्तच होता. गांजा कायदेशीर करणाऱ्या, २०१२ साली लोकांनी मंजूर केलेल्या राज्याच्या घटनादुरुस्तीत, अबकारी करातले दरवर्षीचे पहिले ४ कोटी डॉलर शाळांच्या बांधकामाला, असं स्पष्ट लिहिलं होतं. मी फळ्याकडे गेले.

गांजा पिकवणाऱ्याकडून दुकानात जाताना १५ टक्के अबकारी कर लागतो. तो 'बेस्ट'कडे जातो, म्हणजे छपरं, बॉयलर, नव्या इमारती. त्यातून शिक्षकांचा पगार होत नाही. शिवाय राज्यात १७८ डिस्ट्रिक्ट आहेत आणि प्रत्येकाला अर्ज करून, इतरांशी स्पर्धा करूनच पैसे मिळवावे लागतात.

गिऱ्हाईक गल्ल्यावर देतं तो १५ टक्के विक्रीकर वेगळा. त्यातला दहावा हिस्सा तेव्हा, २०२४ मध्ये, जिथे विक्री झाली तिथल्या स्थानिक सरकारांना मिळायचा. आमच्या भागात दुकानांना परवानगीच नाही, त्यामुळे आमच्या वाट्याला शून्य. उरलेल्यातला बराचसा पैसा राज्याच्या गांजा-कर निधीत पडतो. तो व्यसनमुक्ती, मानसिक आरोग्य, शाळांमधल्या नर्सेस अशा कामांवर कसा वाटायचा, ते विधिमंडळ ठरवतं. शाळांच्या रोजच्या खर्चाला त्यातून थोडाच हिस्सा येतो.

मग मी दोन आकडे लिहिले. राज्याला गांजातून २०२१ मध्ये सुमारे ४२ कोटी डॉलर मिळाले, २०२३ मध्ये जेमतेम २७ कोटी. घाऊक भाव कोसळले आणि शेजारच्या न्यू मेक्सिकोतही २०२२ पासून दुकानं सुरू झाली. सभा शांत झाली. मला वाटतं, मतदानाआधी हे आकडे प्रत्येक घरी छापून पाठवायला हवे होते. लोकांचा राग आकड्यांवर नव्हता, आपल्याला कुणी काही सांगितलं नाही याचा होता.

"मग हे 'बेस्ट' फक्त गांजावर चालतं?" त्याच आजोबांनी विचारलं.

नाही, लॉटरीचा पैसाही येतो आणि शाळांसाठी राखलेल्या राज्याच्या मालकीच्या जमिनींच्या भाड्याचाही. ते खाली बसता बसता थांबले. त्यांची गुरं वर्षानुवर्षं तसल्याच भाडेपट्ट्याच्या जमिनीवर चरत होती. "म्हणजे मीही भरतोच की," ते म्हणाले. मग पुढचा तासभर बॉण्डमुळे कुणाच्या घरपट्टीत किती डॉलर वाढतील, याच्याच हिशेबात गेला.