वहीतले दोन रकाने: घरच्या घरी इलेक्ट्रॉनिक्स, चार महिन्यांची नोंद

चार महिने झाले आता. ब्रेडबोर्डवर (सोल्डर न करता पार्ट नुसते टोचून जोडायचा बोर्ड) चार सर्किटं पूर्ण झाली, त्यातलं एक परवा परफबोर्डवर (भोकं आणि तांब्याच्या चकत्या असलेला बोर्ड) सोल्डर करून कायमचं केलं, बाकीच्यांचे पार्ट हळूहळू पुढच्या कामाला लागतायत आणि पाचवं आत्ता अर्धवट उभं आहे. आधी मला वाटायचं प्रगती म्हणजे किती सर्किटं चालली तो आकडा, पण पहिल्या महिन्याच्या शेवटी एक सवय लावून घेतली आणि खरं शिकणं तिथून सुरू झालं, म्हणून ही नोंद जास्त करून त्या सवयीबद्दलच आहे.

सवय अगदी साधी. वहीच्या पानावर मधोमध उभी रेघ मारायची, डावीकडे लिहायचं "अंदाज" आणि उजवीकडे "मोजलं". पॉवर द्यायच्या आधी डावा रकाना भरलेला पाहिजे, म्हणजे कुठल्या टोकाला किती व्होल्ट असतील, कुठून किती मिलीअँपिअर जातील, सगळं आधी लिहायचं, मग पॉवर, मग मल्टीमीटर. दोन्ही आकडे जुळले तर पुढे जायचं, आणि नाही जुळले तर तिथेच थांबायचं, एलईडी छान लुकलुकत असला तरी.

सुरुवात सगळ्यांसारखी, एक एलईडी आणि एक रेझिस्टर (करंटला अडवणारा पार्ट). जुन्या मोबाईल चार्जरचे ५ व्होल्ट, लाल एलईडी, ३३० ओहम. अंदाज असा की लाल एलईडी स्वतःवर साधारण २ व्होल्ट ठेवतो, उरले ३, ३ भागिले ३३० म्हणजे ९ मिलीअँपिअर. मोजलं तर एलईडीवर १.९ आणि रेझिस्टरवर ३.१, म्हणजे ९.४. जुळलं. मग त्याच जागी निळा लावला, तो ३ च्या आसपास घेतो, त्यामुळे करंट ६ वर येणार असं लिहिलं आणि तेही जवळपास तसंच आलं. हे सगळं तुम्हाला माहीत असणार, पण स्वतः लिहिलेला आकडा मीटरवर उगवताना बघायला जो आनंद होतो तो मला आधी कुठल्याच वाचनात मिळाला नव्हता.

इथेच मीटरचा फ्यूज गेला. करंट मोजून झाल्यावर लाल प्रोबची पिन करंटच्याच सॉकेटमध्ये राहिली आणि तशीच प्रोब सरळ ५ व्होल्टवर टेकवली. करंटच्या रेंजला मीटर म्हणजे जवळजवळ नुसती वायरच, त्यामुळे दुसरं काही होणं शक्यच नव्हतं. तेव्हापासून मी करंट मोजायला सर्किट तोडतच नाही, मार्गात जो रेझिस्टर आहे त्याच्या दोन टोकांमधलं व्होल्टेज बघायचं आणि तो जितक्या ओहमचा आहे त्याने भागायचं, एवढ्यात काम होतं. आणि रेझिस्टरचे रंग वाचायला शिकलेय तरी लावायच्या आधी प्रत्येक मोजतेच, कारण निळ्या अंगाच्या पाच पट्ट्यांच्या रेझिस्टरवर तपकिरी आणि लाल ओळखताना माझे डोळे दोनदा चुकले.

दुसरं सर्किट म्हणजे दोन ट्रान्झिस्टरचा मल्टीव्हायब्रेटर, दोन एलईडी आळीपाळीने लागतात तो. हा प्रकार खूप जुना आहे, आंरी अब्राहम आणि युजीन ब्लॉक या दोन फ्रेंच शास्त्रज्ञांनी पहिल्या महायुद्धाच्या काळात व्हॅक्यूम ट्यूब वापरून तो बनवला आणि १९१९ मध्ये त्याचं वर्णन छापलं. मी केला तो दोन बीसी ५४७ ट्रान्झिस्टर घेऊन (बेस या पायाला थोडा करंट दिला की कलेक्टरकडून एमिटरकडे मोठा करंट सोडणारा स्विच), बेसला ४७ के, म्हणजे ४७ हजार ओहमचे रेझिस्टर, १० मायक्रोफॅरडचे दोन कपॅसिटर (चार्ज साठवणारे पार्ट), कलेक्टरला ३३० ओहम आणि त्याच्या वर एलईडी. सूत्र म्हणतं एक बाजू ०.६९ गुणिले आर (रेझिस्टर) गुणिले सी (कपॅसिटर) इतका वेळ टिकते, म्हणजे ०.३२ सेकंद, दोन्ही बाजू मिळून ०.६५, म्हणजे एका मिनिटात ९२ वेळा. डाव्या रकान्यात ९२ लिहिलं. लेकीला घड्याळ धरायला सांगितलं, मी मोजलं, १०८. परत मोजलं, परत १०८. मग ती मोजायला बसली आणि मी घड्याळ धरलं, १०९.

पहिला संशय कपॅसिटरवर, कारण इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर लिहिलेल्या किमतीपेक्षा २० टक्के इकडेतिकडे असणं अगदी नेहमीचं आहे. दुसरे दोन लावून बघितले तर आकडा थोडा हलला, पण १०० च्या खाली काही येईना. दोन दिवस यात गेले. शेवटी कागदावर एकेक पायरी काढत बसले तेव्हा लक्षात आलं की सूत्र हे धरून चालतं की ट्रान्झिस्टर बंद झाला की त्याचा कलेक्टर पूर्ण ५ व्होल्टपर्यंत वर जातो, आणि माझ्याकडे कलेक्टरच्या वाटेत एलईडी बसलेला. कपॅसिटर भरत आला की करंट अगदी थोडा उरतो, पण तेवढ्या करंटलाही एलईडी दीड व्होल्टच्या आसपास अडवून ठेवतोच, म्हणजे कपॅसिटर पूर्ण भरतच नाही, आणि कमी भरलेला कपॅसिटर पलीकडच्या बेसला कमी खाली ढकलतो, तो बेस लवकर वर येतो, म्हणून लुकलुकणं जलद. खात्री करायची म्हणून एलईडी आणि त्याचा रेझिस्टर या दोघांना मिळून समांतर असा एक १० के लावला, दोन्ही बाजूंना, म्हणजे कलेक्टरला वर जायला एलईडीशिवायची वाट मिळाली. मोजलं, ८७. आता सूत्रापेक्षा थोडं हळू, आणि त्यातला काही भाग कपॅसिटरचा आणि काही भाग सूत्रात बेसचे ०.७ व्होल्ट धरलेलेच नसतात त्याचा. पण १०८ वरून ८७, फक्त दोन रेझिस्टरने! ते पान मी खूण घालून ठेवलंय. नुसतं एलईडी लुकलुकले म्हणून पुढे गेले असते तर यातलं काही कळलं नसतं.

तिसरं अंधार पडला की लागणाऱ्या दिव्याचं. १०० के वरून ५ व्होल्ट बेसला, बेसपासून ग्राउंडला (शून्य व्होल्टच्या बाजूला) एलडीआर, म्हणजे उजेड पडला की ज्याचे ओहम कमी होतात तो रेझिस्टर. उजेडात एलडीआर काही किलोओहम, अंधारात दहा लाख ओहमच्या घरात. अंदाज लिहिला, उजेडात बेसवर ०.२ व्होल्ट, अंधारात ४.५, कारण साधा व्होल्टेज डिव्हायडर आहे, म्हणजे दोघे आपापल्या ओहमच्या प्रमाणात व्होल्ट वाटून घेतात, गणित सरळ आहे. मोजलं, उजेडात ०.२ बरोबर, आणि एलडीआरवर टोपण ठेवलं तर ०.६८. परत बघितलं, ०.६८ च. टोपण आणखी दाबून धरलं तरी ०.६८. आधी वाटलं एलडीआर खराब आहे, मग तो बाहेर काढून एकटा मोजला तर व्यवस्थित. मग समजलं, की बेस आणि एमिटरच्या मधे डायोड (करंट एकाच दिशेने सोडणारा भाग) आहे आणि तो सुरू झाला की बेसला ०.७ च्या फार वर जाऊच देत नाही, उरलेले सगळे व्होल्ट १०० के वर पडतात. हे वाक्य मी आधी निदान पाच ठिकाणी वाचलं होतं हो, पाठही होतं, पण ते मला खऱ्या अर्थाने त्या दिवशी समजलं. तेव्हापासून चालू असलेला ट्रान्झिस्टर ओळखायचा असेल तर मी पहिलं बेसवर प्रोब ठेवते, ०.७ च्या जवळपास असेल तर तो जागा आहे. आणि तिथे जर ३ किंवा ४ दिसले तर ट्रान्झिस्टर तरी गेलाय किंवा पाय तरी उलटे लागलेत, कारण बीसी ५४७ चे पाय सपाट बाजूने डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर असे असतात पण सगळ्याच ट्रान्झिस्टरचे तसे नसतात.

याच सर्किटमध्ये आणखी एक गंमत दिसली. एलईडी एलडीआरच्या अगदी शेजारी होता, तर अंधार केला की तो पूर्ण पेटायचाच नाही, अर्धवट मिणमिणत राहायचा. त्याचाच उजेड एलडीआरवर पडत होता, उजेड पडला की तो स्वतःला कमी करणार, कमी झाला की परत वाढणार, आणि या ओढाताणीत मधेच कुठेतरी स्थिर होणार. काळ्या कागदाची नळी करून एलडीआरवर चढवली आणि प्रश्न मिटला. पण मिटवायच्या आधी मी तो एलईडी जवळ लांब नेत बराच वेळ बघत बसले होते, फीडबॅक हा शब्द डोळ्यांना दिसतो तो असा.

मग ५५५, टायमरची चिप. या चिपबद्दल इतकं लिहिलं गेलंय की मी थोडक्यात सांगते. हान्स कामेनझिंड यांनी १९७१ मध्ये सिग्नेटिक्स कंपनीसाठी ती डिझाईन केली, १९७२ मध्ये ती बाजारात आली आणि आजही तितकीच वापरात आहे. आत ५ के चे तीन रेझिस्टर एका रांगेत आहेत, ते सप्लायचे तीन सारखे भाग करतात. त्यावरूनच ५५५ नाव पडलं असं सर्रास सांगतात, पण कामेनझिंड यांनी स्वतः ते नाकारलंय. मला त्या तीन भागांचंच जास्त अप्रूप होतं, कपॅसिटर एक तृतीयांश ते दोन तृतीयांश याच्यामध्येच खाली वर होत राहतो म्हणतात, तर ते आपल्याला बघता आलं पाहिजे. नेहमीच्या वेगात मीटरचे आकडे नुसते नाचतात म्हणून कपॅसिटर मुद्दाम मोठा घेतला, १०० मायक्रोफॅरड, सोबत १० के आणि ६८ के. आता एक फेरी दहा सेकंदांची. प्रोब दोन नंबरच्या पिनवर, म्हणजे कपॅसिटरच्या टोकावर ठेवली आणि बघत बसले, १.७, २.१, २.६, ३.०, ३.३, टक् करून एलईडी बंद, आणि आकडे परत खाली, ३.०, २.५, २.०, १.७, एलईडी चालू. ज्यांनी हे कधी केलं नसेल त्यांनी एकदा कराच, ऑसिलोस्कोप नसला तरी काही अडत नाही.

त्याच ५५५ चा क्लॉक (ठरावीक तालाचे ठोके), आता १० मायक्रोफॅरड लावून सेकंदाला एक, ४०१७ ला (ठोके मोजत एकेक आउटपुट चालू करणारी चिप) दिला म्हणजे दहा एलईडी एकामागून एक धावणारं सर्किट. एका वेळी एकच एलईडी लागतो म्हणून दहाही जणांना मिळून एकच ४७० ओहमचा रेझिस्टर चालतो, हे मला फार आवडलं. पण पॉवर दिली तर धावणं नाहीच, पहिला एलईडी क्लॉकच्या तालावर अगदी फिकट लुकलुकतोय आणि बाकीचे गप्प. वहीत ४०१७ च्या १६ नंबर पिनसमोर अंदाज ५ लिहिलेला होता. मोजलं तर कधी शून्याजवळ, कधी अडीचच्या आसपास, क्लॉकबरोबर हलणारं. सप्लायची पिन आणि तिथे स्थिर व्होल्टेज नाही! ब्रेडबोर्ड उलटसुलट करून बघितला, तर कडेची लाल रेघ मधोमध थोडी तुटलेली, म्हणजे त्या लांब बोर्डवर पॉवरची रांग दोन वेगळ्या भागांत आहे आणि माझी चिप ज्या अर्ध्यात होती तिथे पॉवर पोचतच नव्हती. मग एलईडी लागत कशावर होता? तर क्लॉकच्या पिनवरून. या चिपच्या प्रत्येक इनपुटला आतून सप्लायकडे जाणारा संरक्षक डायोड असतो, क्लॉक वर गेला की त्याच डायोडमधून करंट चिपच्या सप्लायमध्ये शिरत होता आणि चिप कशीबशी अर्धी जागी होत होती. एक छोटी जंपर वायर दोन भागांना जोडली आणि दहाही एलईडी धावायला लागले. नंतर मधेच दोन पावलं एकदम टाकायचं तेही थांबलं, ५५५ च्या अगदी पायाशी ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक आणि शेजारी १०० चा इलेक्ट्रोलिटिक लावल्यावर, कारण साधी ५५५ आउटपुट बदलताना क्षणभर सप्लायमधून बराच करंट ओढते आणि तो धक्का शेजारच्या चिपला क्लॉकसारखा वाटतो.

सोल्डर केलं ते अंधाराच्या दिव्याचं. त्याबद्दल फार लिहिण्यासारखं अजून माझ्याकडे नाही. ६३-३७ ची कथिल आणि शिशाची वायर १८३ अंशाला वितळते आणि सरळ घट्ट होते, म्हणून शिकणाऱ्याला सोपी जाते. पाय आणि तांब्याची चकती दोन्ही आधी तापवायचं आणि मग वायर लावायची, गनच्या टोकावर वितळवून आणून चिकटवायचं नाही, हे हाताला बसायला वीसेक जॉइंट लागले. शिसं आहे म्हणून काम झालं की हात साबणाने धुवायचे, खिडकी उघडी ठेवायची. जॉइंट झाल्यावर मात्र प्रत्येक टोक मीटरच्या बीपवर तपासलं आणि एक कच्चा निघाला.

आता बोर्डवर ५ व्होल्टचा रिले (कॉइलच्या चुंबकाने चालणारा स्विच) आहे. कॉइल मोजली, ७० ओहम, म्हणजे साधारण ७० मिलीअँपिअर, बीसी ५४७ ची मर्यादा १००, त्यामुळे चालेल पण बेसला करंट सढळ हाताने द्यावा लागणार, म्हणून ६८० ओहम धरलाय, म्हणजे ६ मिलीअँपिअरच्या वर. कॉइलला उलटा १एन४००७ डायोड लावलाय, कारण रिले बंद होताना कॉइल मोठं उलटं व्होल्टेज फेकते आणि त्याला वाट दिली नाही तर ट्रान्झिस्टर मरतो. रिलेच्या संपर्कावर सध्या फक्त एक एलईडी आहे, घरच्या विजेला यातलं काहीच जोडणार नाहीये. डावा रकाना भरून झालाय, बेसवर ०.७५, कलेक्टरवर ०.२, कॉइलवर ४.८. उजवा रिकामा आहे, लेक शाळेतून आली की पॉवर देणार, तिला रिलेचा आवाज ऐकायचाय.