आजीचा प्रश्न आणि भुलीचं संशोधन

कणकवली-कुडाळ पट्ट्यात भूल देत फिरताना मला सर्जनपेक्षा आज्यांची धास्ती जास्त. परवा दीड वर्षाच्या नातवाचं हर्नियाचं ऑपरेशन होतं. पेजेचा डबा पदराआड धरून आजीने थेट विचारलं, "डॉक्टरानू, ह्या औषधान पोराचो मेंदू मंद होवचो नाय मा?"

प्रश्न अडाणी अजिबात नाही. याच्याच उत्तरासाठी इंटरनॅशनल अनेस्थेशिया रिसर्च सोसायटीने अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेसोबत, म्हणजे एफडीएसोबत, 'स्मार्टटॉट्स' हा उपक्रम हाती घेतला. २०१६ मध्ये एफडीएने ३ वर्षांखालच्या मुलांना ३ तासांहून लांबलेली किंवा वारंवार दिलेली भूल जपून वापरा, असं बजावलं. २०१९ मध्ये याच प्रश्नावरच्या 'गॅस' नावाच्या अभ्यासाचे निकाल आले आणि जीव भांड्यात पडला. तान्हेपणी हर्नियासाठी तासाभराच्या आतली पूर्ण भूल मिळालेली मुलं पाचव्या वर्षी बुद्ध्यांकात कुठेही मागे नव्हती. तुलना होती ती जागेपणी, फक्त कमरेखाली बधिर करून ऑपरेशन झालेल्या मुलांशी.

आजीला एवढंच सांगितलं, "अर्ध्या-पाऊण तासाचं काम आहे. घाबरू नका. पण ती पेज आत्ता द्यायची नाही हं."

'स्मार्टटॉट्स'वाल्या या सोसायटीचा संस्थापक फ्रान्सिस मॅकमेकन. संधिवाताने चाकाच्या खुर्चीत बसलेल्या या माणसाने १९२२ मध्ये भुलीवरचं नियतकालिक काढलं, ते आजही चालू आहे. (मोठ्या शहरातल्यांना याचं कौतुक नसेल, मला आहे.)

हल्ली लहान मुलांच्या केसला मी सर्जनला आधीच विचारते, किती वेळ? उत्तर "बघू" आलं की भांडते.