मुंबई–लंडन–बॉस्टन: उडलो साडेपंधरा हजार मैल, जमा झाले १,९३७

मुंबई ते लंडन साधारण ४,५०० मैल, तिथून बॉस्टन आणखी ३,२५०. जाऊन-येऊन साडेपंधरा हजार. विमान कंपनीच्या पॉइंट-योजनेत (उडलेल्या प्रवासाचे पॉइंट म्हणजेच ‘मैल’ जमा होतात ती) माझ्या खात्यात पडले १,९३७. अजून राग गेलेला नाही, म्हणून आधी हेच लिहितो.

तिकीट नेहमीच्या कंपनीच्या साइटवरूनच काढलं होतं, विमानाच्या क्रमांकालाही तिचीच अक्षरं. विमान मात्र भागीदार कंपनीचं. एकाच अलायन्समध्ये, म्हणजे विमान कंपन्यांच्या गटात, पॉइंट सारखेच मिळतात, असं कस्टमर केअरनं फोनवर ठामपणे सांगितलं. साफ चूक.

सगळी मेख तिकिटाच्या भाड्याचा वर्ग सांगणाऱ्या एका अक्षरात आहे. जाताना माझ्या बोर्डिंग पासवर ‘क्यू’ होता, शेजारच्या गृहस्थांच्या पासवर ‘वाय’. रांग तीच, जेवण तेच. ‘वाय’ म्हणजे इकॉनॉमीचं पूर्ण भाडं, त्यांना पूर्ण मैल. माझ्या योजनेत त्या भागीदाराच्या ‘क्यू’ला पंचवीस टक्के. येताना ‘ओ’ होता, त्याला शून्य. कंपनीच्या स्वतःच्या विमानात हल्ली बऱ्याच ठिकाणी भाड्याच्या रकमेवर पॉइंट मिळतात, भागीदाराच्या विमानात बहुधा अंतर आणि हे अक्षर बघतात. तेव्हा पैसे भरायच्या आधी अक्षर शोधा आणि तुमच्या योजनेच्या पानावर कुठल्या अक्षराला किती टक्के ते सांगणारा त्या भागीदाराचा तक्ता उघडा. तिकीट विकणाऱ्या कंपनीचा तक्ता लागू की विमान उडवणाऱ्या कंपनीचा, हे योजनेगणिक बदलतं, तेही तिथेच वाचा. फोनवरच्या शब्दावर जाऊ नका, उत्तर ईमेलवर घ्या.

लंडनला टर्मिनल बदललं, पुन्हा सुरक्षा तपासणी झाली. तीन तासांच्या आतला थांबा घेऊ नका. बॉस्टनचे बारा दिवस लेकीकडे छान गेले.

काउंटरवर योजनेचा सदस्य क्रमांक पासवर छापलाय का ते तिथेच बघा. माझा परतीच्या पासवर नव्हता. दुसऱ्या रांगेत उभं राहून घालून घेतला. एका उड्डाणाचे पॉइंट एकाच योजनेत जमा होतात, नंतर हलवता येत नाहीत. राहिलेले पॉइंट मागायला तेरा आकडी तिकीट क्रमांक आणि बहुतेक वेळा बोर्डिंग पासही लागतो, तेव्हा पॉइंट जमा होईपर्यंत कागद फेकू नका. मोबाइलवरच्या पासचा स्क्रीनशॉट काढून ठेवा.

डिसेंबरात परत जायचंय. ‘ओ’ असेल तर ते तिकीट मी घेणार नाही, चार हजार जास्त गेले तरी चालतील.