दुहेरी गाठ

मंगळवार, रात्री पावणेअकरा

आज सकाळी धावताना मैत्रिणीने दोनदा बुटाची नाडी बांधली. एकदा समर्थ मंदिराच्या अलीकडे आणि एकदा यवतेश्वरचा घाट लागल्यावर, वळणावर. नाडी सुटलेली नव्हती. मी पाहिलं ना! ती कायम दुहेरी गाठ मारते आणि टोकं आत खोचते.

दिवसभर ऑफिसात बसून तेच डोक्यात.

माझं धावणं सुटून अकरा महिने झाले होते. आधी टाच, मग आई, मग टाच बरी झाली तरी नुसतंच. काल रात्री कपाटाच्या तळातून बूट काढले तर डाव्याच्या खाचांमध्ये घाटातली लाल माती अजून तशीच, वाळून खडा झालेली. पिनेने कोरून काढत बसले. तेवढ्यात तिचा मेसेज: पाच पन्नासला पवई नाक्यावर, कारणं नकोत.

"दोन मिनिटं धावायचं, एक मिनिट चालायचं. आणि धावताना बोलता आलं पाहिजे. बोलणं तुटलं की वेग जास्त झाला समज."

माझं बोलणं पहिल्याच दोन मिनिटांत तुटलं. राजवाड्यापर्यंत छाती भरून आली. हाच रस्ता, याच रस्त्यावर आम्ही सासरच्या-माहेरच्या सगळ्या गोष्टी धावता धावता बोललो आहोत. चार किलोमीटरला 37 मिनिटं लागली. डोळ्यांत पाणी आलं, ते थंडीचं म्हणून पुसलं. इतकं कमावलेलं असं निघून जातं आणि आपल्याला कळतही नाही, याचं फार वाईट वाटलं. अजूनही वाटतंय.

आणि त्यात ती नाडी. आधी रागच आला. दमलीस तर थांबू या, असं सरळ म्हणायचं की. कीव कशाला?

संध्याकाळी फ्रीजमधली गार बाटली तळव्याखाली फिरवत बसले होते, तेव्हा लक्षात आलं. दोन्ही वेळा त्याच्या जरा आधी माझा डावा पाय वाजायला लागला होता. टाच दुखायला लागली की मी नकळत उजव्यावर भार घेते आणि डावा फट्‌ फट्‌ पडतो. पहाटे रस्ता सामसूम असतो, तिला ते ऐकू येत असणार. माझ्या आधी तिला कळलं. डॉक्टरांनीही हेच बजावलं होतं, की टाचेपासून बोटांकडे जाणारा तळव्याचा पट्टा दुखावला की सावकाश भरतो. दम काही आठवड्यांत परत येतो, पट्ट्याला महिने लागतात. दम आला म्हणून माणूस पळत सुटतं आणि परत घरी बसतं. तिने मला घरी बसू दिलं नाही, एवढंच.

मग राग गेला, पण त्याच्या जागी दुसरंच काही आलं.

2023 ची साताऱ्याची हिल मॅरेथॉन. याच घाटात तिच्या पोटरीत गोळा आला होता. रस्त्याच्या कडेला कठड्याला धरून उभी होती. "तू हो पुढे गं," म्हणाली. आणि मी झाले. शर्यतीत असंच असतं, कुणीही तेच केलं असतं, तिनेही पुढे कधी विषय काढला नाही. शेवटच्या रेषेपाशी मी मेडल घालून उभी होते आणि ती लंगडत आली, माझ्या हातातलं अर्धं केळं घेतलं, वेळ विचारली, पाठ थोपटली.

मला तेव्हा नाडी बांधायचं सुचलं नव्हतं. मागे वळून एकदा पाहिलं होतं. एकदाच.

हे तिला सांगावं का? सांगून मलाच हलकं वाटेल, तिला काय त्याचं. ती म्हणेल, वेडी आहेस का, पाय शेक आणि झोप. तसंच म्हणेल.

पाय शेकला. जिन्याच्या पायरीवर टाचा वर-खाली करून झाल्या, पंधरा पंधराच्या तीन खेपा. डावी अजून थरथरते, पण सकाळपेक्षा बरी. चार किलोमीटर तर चार किलोमीटर. आपल्याला आत्ता एवढंच येतं, तर एवढंच करायचं.

तिचा मेसेज आलाय: गुरुवारी, तीच वेळ. मी 'हो' लिहिलं. त्याखाली घाटातल्या त्या कठड्याबद्दल दोन ओळी लिहिल्या आणि पुसल्या.

बूट दाराशी ठेवलेत.